पाहुण्यांसाठी वेगळं नेट

राउटरच्या खोक्यावर 'बत्तीस' छापलेलं होतं. एका वेळी बत्तीस उपकरणं चालतात म्हणे. ज्याने ते छापलं त्याला एकदा आमच्या ओसरीवर आणून बसवायला हवं होतं. बत्तीस जोडली जातात हे खरं, पण जोडलं जाणं वेगळं आणि चालणं वेगळं. घरात येणारी लाईन एकच, सगळ्यांनी तीच वाटून घ्यायची. दहा जणांनी व्हिडिओ लावले की अकराव्याच्या वाट्याला नुसतं गोल फिरणारं चक्र येतं. आमच्या घरात ती अकरावी मी होते.

राउटर आला होता तो माझ्यासाठी. लग्नाआधी मी बीडला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि लग्नानंतर पाच वर्षं भाकरी थापल्या. मग पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं, लॅपटॉपवर नेटवरून येणाऱ्या फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकून सोडवायच्या. पहिले तीन महिने परीक्षेचे. आवाज तुटता कामा नये, एवढं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मला ते काम मनापासून हवं होतं. पगार तर हवाच होता, पण तेवढा वेळ मला कोणी चहा टाक म्हणणार नाही, याचं सुख पगाराहून मोठं होतं.

माझे सासरे, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, ते चौसाळा भागातले वजनदार पुढारी. सकाळपासून ओसरीवर माणसं. कोणाचं विजेच्या डीपीचं काम, कोणाचं बांधावरचं भांडण. आल्या माणसाला आधी पाणी, मग चहा, आणि राउटर आल्यापासून पासवर्डही. तो दादा स्वतः खणखणीत आवाजात सांगायचे. फोन एकदा ऐकलेला पासवर्ड विसरत नाही. माणूस पुन्हा फाटकातून आत आला की खिशातल्या खिशात जोडला जातो. शिवाय टीव्ही होता, गोठ्यावरचे कॅमेरे होते, कारण दादांना लग्नाच्या मांडवात बसूनही आपल्या म्हशी बघायच्या असत. मी वायर थेट लॅपटॉपला लावून पाहिली, पण ओढाताण लाईनवरच होती. मोबाइलची रेंज तर आमच्या खोलीत येतच नाही.

शेवटी दादांना सांगितलं. ते हसले. "नेट म्हंजी काय हिरीचं पानी हाय का, आटायला?"

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढता येतं, त्याला वेगाची मर्यादा घालता येते. मी ते काढलं, त्याला 'पाहुणे' असं नाव दिलं आणि त्याचा पासवर्ड दादांना दिला; मुख्य पासवर्ड बदलून फक्त नवऱ्याला सांगितला. आठवडाभर माझा एकही फोन तुटला नाही. मी चक्क गुणगुणत भाकरी थापायला लागले होते.

मग ओसरीवरच्या एका कार्यकर्त्याचा व्हिडिओ अडकला. त्याने माझ्या नवऱ्याचा फोन शेजारी धरून पाहिला, तर तिथे तोच व्हिडिओ पळत होता. "दादा, आमाला येगळं ताट वाढलंय व्हय?" तो म्हणाला, आणि ओसरी हसली. दादा हसले नाहीत. माझ्या दाराशी येऊन खाकरले.

"एका पंगतीत कुनाला तूप आन् कुनाला कोरडं, असं आपल्या घरात कदी झालं न्हाई. कावून केलंस हे?"

"दादा, माझी नोकरी जाईल."

"आन् माझी मान्सं गेली म्हंजी?"

संध्याकाळपर्यंत मुख्य पासवर्ड सगळ्यांकडे होता. तो नवऱ्याने दिला होता. मी विचारलं तर खाली बघत म्हणाला, "दादाला न्हाई कसं म्हनू?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला नाही म्हणताना त्याची जीभ अडखळली नव्हती, कारण मला त्याने विचारलंच नव्हतं.

परीक्षेचा शेवटचा आठवडा आला तेव्हा निवडणूक जवळ आली होती आणि ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी पुण्याहून आमच्या मॅडम माझे फोन ऐकणार होत्या. एक म्हातारी बाई तिचा फ्रिज बंद पडल्याचं सांगत होती. मी धीर देत होते, आणि ती विचारत होती, "ताई, ऐकताय का? ताई?" मी ऐकत होते. माझा आवाज तिच्यापर्यंत जात नव्हता. बाहेर कोणाच्या तरी फोनवर एक भाषण वाजत होतं, एकदाही न अडकता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी गोड शब्दांत काम संपल्याचं कळवलं.

मी ते घरात सांगून टाकलं. दुपारी मी ओसरीवर चहा घेऊन गेले. एक नवा पाहुणा फोन हातात धरून संकोचाने म्हणत होता, "ऱ्हाऊ द्या दादा, वैनींचं काम चालू असंल."

"न्हाई, न्हाई," दादा अगदी मायेने म्हणाले. "ते काम सुटलं तिचं. लावा बिनघोर. आता नेट मोकळंच हाय."

मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तो चहा कोणी वाटला, मला माहीत नाही.