विहिरीकडचा बाण
भिजल्या चुन्याचा वास आला, की मला हातात विळा घेतलेली ती मावशी आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आणि आम्ही कॉलेजातले चौघे औशाच्या किल्ल्यापासून खरोशाच्या लेण्यांपर्यंत पायवाट आखत होतो. दगडांवर चुन्याचे बाण काढायचे, म्हणजे कुणालाही चालत जाता येईल. वाटेतल्या एका गावात एकाच विहिरीत पाणी उरलं होतं. वाटसरूंची सोय म्हणून मी मोठ्या थाटात तिच्याकडे बाण काढला. तेवढ्यात मावशी गरजली, “काय करायलाव रे? आमची लेकरं घोट-घोट पान्यावर हायती, अन् तुमी दुनियेला हीर दाखवता?” मी नाटकातल्यासारखा वाकलो. “मावशी, लांबून येणारे तहानलेले असतील.” “मंग घरी बसा म्हणावं! कुनी बोलिवलंय?” तिच्या मागं काठ्या घेऊन गाव उभं राहिलं. तिनं शेणाच्या गोळ्यानं बाणाचं टोक लिंपलं, माझा कुंचा हिसकावला आणि उघड्या माळाच्या बाजूला नवं टोक काढलं. “हं, चला आता बाणानं!” आम्ही त्या बाणानं चाललो. आमच्या वाटेचे पहिले वाटसरू आम्हीच, तेही पाण्याकडं पाठ करून. आजही घरात चुना भिजला की मला हसू येतं, पण त्याआधी घसा कोरडा पडतो.