मोहाची सगळी झाडं म्हातारीच का?

मित्रांनो, तुम्हीही पाहिलं असेल: आपल्या रानात मोहाची जुनी झाडं पुष्कळ असतात, पण तरुण झाड सहसा दिसत नाही. असं का?

मी नांदेडला वनस्पतिशास्त्र शिकवतो. आज सकाळी भोकरजवळच्या एका गावाच्या वनसमितीला मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा दाखवत मी उत्साहाने म्हणालो, "पाहा, तुमचं जंगल हिरवंगार आहे!"

मग आम्ही मोहाची रोपं शोधायला वाकलो. सारा उतार पालथा घातला, पण एकही रोप नव्हतं. झाडांखाली फक्त राख होती. मी हादरलो. उपग्रहाला शेंडे दिसतात, त्यांच्याखालची राख दिसत नाही.

मोहफुलं वेचणाऱ्या कमलमावशी म्हणाल्या, "फुलं नजरंला पडावी म्हनून पाला पेटवतोच की आम्ही, सर. दरसाल."

"मावशी, त्यात रोपंही जळतात."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग माझ्या नातीनं काय येचावं?"

मग त्यांनीच सुनेला हाक मारली, "जुनी लुगडी आन गं घरून! पेटवायच्या राहिलेल्या झाडाखाली आथरू, फुलं त्याच्यावरच पडतील. पेटवायचं न्हाई आता."

तुम्हीही जवळच्या रानात जा. कोणत्याही मोठ्या झाडाखाली त्याच जातीचं गुडघाभर रोप शोधा. सापडलं नाही, तर ती हिरवाई शेवटची समजा.