हरभऱ्यानंतर मोहरी

कॅरी सोडलं त्या सकाळी माझ्या डोळ्यातला बुडबुडा पुरीएवढा होता.

हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी इस्लामपूरची. शाळा चौथीपर्यंत, आणि नंतर एकतीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. २००६ साली सहा महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेत गेले. मुलगी वंदना, जावई श्रीकांतराव आणि नऊ वर्षांची नात ईशा नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात राहत होते. तिथे दुसऱ्याच महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. उजवा डोळा लहानपणी काडी लागून अधू झालेला, त्यामुळे डावा गेला असता तर सगळंच संपलं असतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पडदा परत बसवला आणि तो जागेवर राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो महिना-सव्वा महिन्यात आपोआप जिरतो. तोवर विमान नाही आणि डोंगर नाही. उंचावर गेलं की बुडबुडा फुगतो आणि डोळा जातो. विसर पडू नये म्हणून मनगटावर हिरवी पट्टी बांधली. नवरा गेल्यापासून हातात हिरवं काही घातलं नव्हतं, ते दवाखान्याने घातलं.

त्याच वेळी वंदनाला रेडमंडला नोकरी लागली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. श्रीकांतरावांची नोकरी वसंतात गेली होती आणि सगळ्यांचा व्हिसा वंदनाच्या एका नोकरीवर टांगलेला होता. शनिवारी घर सोडायचं आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, सोमवारी, तिने हजर व्हायचं, असं ठरलं. प्रश्न राहिला माझा.

"आई, आपण बाय रोड जाऊ," श्रीकांतराव म्हणाले. "आरव्ही रेंट करतो. घरच असतं ते, फक्त चाकांवर."

घर म्हणजे एसटीएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, आणि शेगडीपासून तीन पावलांवर संडास. मी सांगून टाकलं की पोळ्या लाटते तिथून हात लांबवला तर संडासाची कडी लागते, तो मी वापरणार नाही. वंदना म्हणाली, "मग आम्ही दर दोन तासांनी थांबायचं का?" मी म्हटलं, थांबा. पहिले पाच दिवस गाडी पेट्रोल पंपांवर थांबत गेली. त्या संडासात ईशाने बूट ठेवले.

श्रीकांतरावांनी नकाशाच्या पुस्तकात प्रत्येक गावाच्या बाजूला लाल पेनाने त्याची उंची लिहिली होती. मध्ये डोंगर येतात म्हणून आम्ही आधी दक्षिणेला उतरलो. पश्चिमेचे उंच डोंगर येईपर्यंत बुडबुडा जिरेल, असा हिशोब होता. ईशाचं काम वेगळं. रोज सकाळी ती वही घेऊन समोर बसायची. "आजी, साइज?"

बुडबुडा खरा डोळ्यात वर तरंगतो, पण दिसतो खाली, असं डॉक्टर म्हणाले होते. जगाच्या तळाशी पाणी साठल्यासारखं दिसायचं. गाडी वळली की डुचमळायचं. मी त्याचा आकार सांगायची आणि ती तेवढं वर्तुळ काढून खाली नाव लिहायची. पुरी.

जॉर्जियातल्या अल्फारेटाला वंदनाच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे दोन रात्री राहिलो. तिने पंधरा मराठी माणसं जेवायला बोलावली होती आणि प्रत्येकाने माझ्या डोळ्यात वाकून बघितलं. नागपूरचा एक शिकणारा मुलगा म्हणाला, "काकू, तुमच्या डोळ्यात तर गवंड्याची पाणसळ फिट केलीय. रस्ता लेव्हल आहे का ते गाडीत बसल्या बसल्या सांगत जा." हा एकच काय तो नीट बोलला. बाकीच्यांनी घरगुती औषधं सांगितली. निघताना बुडबुडा लिंबाएवढा होता.

मंगळवारी मिसिसिपी नदी लागली. रुंद, गढूळ, घाई नसलेली. आमची कृष्णा पुरात अशी दिसते, ही रोजच अशी असते म्हणाले. पुढे दोन दिवस मका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मका आणि मधूनमधून धान्याच्या कोठारांचे मनोरे, देवळाच्या शिखरापेक्षा उंच. एका पंपाशेजारी असं कोठार होतं. दाराशी सांडलेले दाणे मी उचलून दाताखाली धरले. ओल जास्त होती. तिथला टोपीवाला माणूस बघत होता. मी मान हलवून नापसंती दाखवली. त्याने ईशाला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?"

"ही सेज की यू आर राइट. काल रात्री पाऊस आला."

नेब्रास्कात पोचलो तेव्हा बुधवार होता आणि बुडबुडा हरभऱ्याएवढा होता. प्लॅट नदीच्या काठी एका कॅम्पग्राउंडवर (अशा गाड्या मुक्कामाला लावतात ती जागा) उतरलो. इथून पुढे जमीन चढायला लागते. श्रीकांतरावांचे लाल आकडे इथून हजारांनी वाढत होते. त्या संध्याकाळी वंदना नकाशा मांडीवर घेऊन नुसती बसली होती. उद्या निघालो तरच सोमवार गाठणार होतो. ती मला काही बोलली नाही, आणि तेच मला टोचलं.

बुडबुडा फक्त मला दिसत होता. डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाला तो आहे की नाही हे सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी मी सांगितलं, "गेला."

श्रीकांतराव म्हणाले, "आधी इथल्या एखाद्या आय डॉक्टरला दाखवू."

"कशाला? अपॉइंटमेंट घेण्यात दिवस जाईल. डोळा माझा आहे, मला कळतं."

वंदनाला विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिने ठेवला. गाडी निघाली. मी खिडकीशी बसले. हरभरा डोळ्याच्या तळाशी हलत होता.

अर्ध्या तासाने ईशा वही घेऊन आली. मागची पानं चाळली. "आजी, पुरी, लिंबू, सुपारी, बोर, हरभरा." मग माझ्याकडे बघितलं. "देन मोहरी. तू म्हणाली होतीस, शेवटी मोहरी. मोहरी कुठेय?"

गिरणीत मी कुणाच्या वजनात छटाकभर खोट केली नाही. मोठ्या माणसाला खोटं सांगणं मला जमलं होतं, पण या पोरीने वर्तुळं काढली होती. मी वहीतल्या हरभऱ्यावर बोट ठेवलं.

"बाबा, स्टॉप द कार," ईशा म्हणाली.

गाडी रस्त्याच्या कडेला लागली. वंदना रडायला लागली. श्रीकांतराव आजवर माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आई, काय केलंत हे? डोळा गेला असता तर?"

"जावयाच्या दारात लोढणं होऊन पडायचं माझ्या जिवावर येतं."

"दार कुठाय इथे? चाकं आहेत नुसती," ते म्हणाले. "आणि तुम्हाला इंडियातून आम्ही बोलावलं. आम्हीच."

गाडी मागे फिरली.

त्यांनी कॅरीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका. मग ठरलं ते असं: वंदनाने जवळच्या ओमाहा शहरातून विमानाने पुढे जायचं, आम्ही तिघांनी थांबायचं. वंदना तयार नव्हती. तिला वाटत होतं, मला सोडून गेली तर मी पुन्हा काहीतरी करीन. ईशा म्हणाली, "आय विल चेक हर." तेव्हा ती गेली.

मग सासू, जावई आणि नात नदीकाठी पाच दिवस राहिलो. श्रीकांतराव आणि मी दहा-अकरा वर्षांत मिळून जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या पाच दिवसांत बोललो. मी अमेरिकेत आल्यावर महिनाभर ते रोज लायब्ररीत जाऊन बसायचे, हे मला तिथे कळलं. घरी बसलेलं मला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, गिरणीचा पट्टा तुटला की मीसुद्धा दोन-दोन दिवस बसून असायची, त्यात काय लपवायचं?

कॅम्पग्राउंडवरचं न्हाणीघर लांब होतं. दुसऱ्या रात्री पाऊस लागला आणि मला गाडीतला संडास वापरावा लागला. बूट काढले. अशा संडासाची टाकी हाताने रिकामी करायची असते, जाड नळी लावून. सकाळी श्रीकांतराव हातमोजे घालून निघाले तेव्हा मी मागोमाग गेले. जावयाने सासूचा संडास उपसावा हे आमच्या घराण्यात कुणी ऐकलं नसेल. त्यांनी नळी अर्धवट बसवली होती.

"नीट आवळा," मी म्हटलं.

"आवळलीय, आई."

नव्हती आवळली. दोघांच्याही पायांवर यायचं ते आलं. ते शिवी देणार होते, माझ्याकडे बघून गिळली. मग मीच दिली, त्यांच्या वतीने. ते इतके हसले की खालीच बसले.

शेजारच्या गाडीत माझ्याच वयाची एक बाई एकटी राहत होती. तिने पिशवीभर कणसं आणून दिली. मी ती शेगडीवर भाजली, लिंबू आणि तिखट-मीठ चोळून तिला एक दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण कणीस तिने संपवलं. संध्याकाळी भांडं घेऊन दुसरं मागायला आली.

रविवारी हरभऱ्याचे तुकडे झाले. चार-पाच मोहऱ्या, गाडी बंद असतानासुद्धा हलणाऱ्या. ईशाने पाच ठिपके काढले. सोमवारी दोन. त्याच दिवशी वंदनाचा फोन आला, ऑफिसात टेबल खिडकीपाशी मिळालंय. मंगळवारी सकाळी मी उठले, खाली बघितलं, वर बघितलं, मान हलवली. काही नव्हतं. मी लगेच सांगितलं नाही. तोंड धुऊन आले आणि परत बघितलं. मग ईशाला म्हटलं, "लिही."

"शुअर?"

"शुअर. पण डॉक्टरला दाखवून."

गावातल्या डॉक्टर बाईने दिवा लावून बराच वेळ बघितलं आणि कात्रीने हिरवी पट्टी कापली. ईशाने ती वहीत चिकटवली.

मग डोंगर चढलो. वायोमिंगमध्ये गवताच्या उतारांवर हरणं उभी होती, ती मला एकेक करून मोजता आली. डोळा पहिल्यासारखा झाला नाही. सरळ रेषा अजून थोडी वाकडी दिसते. पण दिसते. शुक्रवारी दुपारी रेडमंडला पोचलो तेव्हा वंदना रस्त्यावरच उभी होती. तिने आधी माझं मनगट बघितलं.

दोन महिन्यांनी मी विमानाने परत आले. इथे बायका विचारतात, अमेरिका कशी आहे? मी सांगते, मका फार आहे, आणि तिथला माझा जावई चांगला आहे. श्रीकांतरावांना पुढच्या वर्षी नोकरी लागली.

दर रविवारी फोन येतो. वंदना विचारते, डोळा कसा आहे, आणि मी म्हणते, बरा आहे. मग ईशा फोन घेते आणि म्हणते, "आजी, आता आईला न सांगितलेलं, मोहरीएवढं काय असेल ते सांग."

तिला मी सांगते.