रक्षाविसर्जनानंतर आलेली पत्रं

चोऱ्या, मारामाऱ्या, खून यांतलं बरंच आता विसरलो आहे. पण पोस्टाच्या तीन पाकिटांची ती केस काही केल्या विसरता येत नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदार साठीच्या एका बाईंना घेऊन आत आला. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी पदराखालून तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, माझ्या पोरानं घर विकायला काढलंय," त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाय तवर सोडत न्हाय. लिहून घ्या."

पत्रं निळ्या शाईत, हातानं लिहिलेली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही. खाली फक्त 'आपला हितचिंतक'. काका गेल्याचं कळलं, मुलगा नोकरीला कागलला, एकटीला घर सांभाळणं अवघड, विकायचं मनात असेल तर लवकरच भेटायला येतो, असा मजकूर. घरातल्या माणसाशिवाय एवढं कुणाला ठाऊक असणार, असं बाईंचं म्हणणं. शिवाय मुलगा दर रविवारी येऊन 'आई, चल कागलला राहायला' असा धोशा लावत होता. ते घर त्यांच्या नवऱ्यानं, गवंडीकाम सांभाळून, सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत उभी करत बांधलेलं. दोन आठवडे झाले, त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं.

अर्ज घेतला आणि मुलाला बोलावलं. इथं माझं चुकलं. आईबापांना घराबाहेर काढणारे नोकरीत इतके पाहिले होते, की हाही त्यातलाच असं मी त्याचं तोंड बघण्याआधीच ठरवून टाकलं. एमआयडीसीतली पाळी सोडून आलेल्या त्या माणसाला दोन तास बाकावर बसवलं आणि मग नको नको ते बोललो. त्यानं आवाज चढवला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, आई एकटी हाय म्हणून चल म्हटलं. घराचं नावबी काढलं न्हाय." खोटं बोलणारा पोलिसापुढं शपथांवर शपथा घेतो, ह्यानं एकही घेतली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःबद्दल शंका आली.

दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या पोस्टमनला बोलावून पाकिटं दाखवली. त्यानं ती बघताक्षणी ओळखली. "ही व्हय? ज्या घरात रक्षाविसर्जन, त्या घरात आठ दिवसांत ह्ये पाकीट येतंय," तो म्हणाला. त्या महिन्यातलं हे चौथं घर होतं. पाकिटांवर शिक्का उचगावचा. हल्ली गठ्ठ्यानं पाकिटं विकत घेतो कोण? तिथल्या पोस्टात विचारायचा अवकाश, माणूस सापडला.

तो तिशीचा, घरांच्या खरेदी-विक्रीत नुकताच उतरलेला. चौकशीला दहा मिनिटंही लागली नाहीत. ज्यांना घर विकायची गरज पडेल अशांना हातानं पत्रं लिहा, पहिल्या तीन पत्रांत नाव देऊ नका, उत्सुकता वाढू द्या, असं त्याला कुठल्याशा क्लासात शिकवलं होतं. अशी माणसं शोधायची कुठं? तर गड्यानं पेपरातला निधनवार्तांचा रकाना धरला. आपल्याकडे त्या बातमीत काय नसतं? गल्ली कुठली, पश्चात कोण, मुलगा कुठं नोकरीला, रक्षाविसर्जन किती वाजता. कात्रणं वहीत चिकटवून तो पत्रं लिहीत बसायचा. दुःखाच्या घरी असलं पत्र पाठवताना काहीच वाटलं नाही का, असं मी विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, "मला वाटलं, त्यांची तेवढीच अडचण दूर हुईल." तो खोटं बोलत नव्हता, त्याचीच मला जास्त चीड आली. गुन्हा दाखल करण्याजोगं त्यात काही नव्हतं. जबाब नोंदवून त्याला समज दिली आणि चारही घरी जाऊन माफी मागायला लावलं.

संध्याकाळी मायलेकांना बोलावलं. मुलगा आत आलाच नाही. आईनं पोलिसात दिलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तो फाटकापाशी मोटारसायकलला टेकून उभा राहिला. आत मी बाईंसमोर त्या वहीतलं, त्यांच्या नवऱ्याच्या निधनवार्तेचं कात्रण ठेवलं. ऐन दुःखात पेपर कोण वाचतो? त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. मजकूर मुलानं लिहून दिलेला. त्या एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागल्या. 'स्वतःच्या हातांनी बांधलेल्या राहत्या घरी निधन झाले' इथं बोट थांबलं. पुढचं त्यांना वाचता येईना.

त्यांना घेऊन मी फाटकापर्यंत गेलो. वर्दीत असताना कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी त्या मुलापुढं हात जोडले. संशय बाळगणं फार सोपं असतं, त्याला पुरावा लागत नाही. नवऱ्याच्या दुःखात बुडालेल्या बाईला तो आला, हे समजू शकतो. पण मला तो येऊन चालणार नव्हतं. उरलेल्या वर्षभरात, आधी ऐकून घेतल्याशिवाय मी एकालाही बाकावर बसवलं नाही. मुलानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. तो आईकडे बघत होता.

"चुकलं रं माझं," आई म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली. "बस मागं. घरी सोडतो."

"कुठल्या घरी?"

"तुझ्या की," तो म्हणाला. "मीबी आज तितंच ऱ्हातो."