जमादारणीचा बाळंतविडा

मंजुळाबाईचा हात लागलेलं बी उगवल्याशिवाय राहत नाही, असं पुसेगावच्या अलीकडच्या त्या वाडीत लहानथोर सगळे म्हणत. सुगी आटोपली की घरोघरचं ज्वारीचं नि भुईमुगाचं निवडक बी तिच्या मागच्या खोलीत येऊन पडे. ती ते राखेत घोळी, त्यात कडुलिंबाचा पाला घाली आणि शेणानं सारवलेल्या कणग्यांत भरून ठेवी. पेरणीला ज्याचं त्यानं घेऊन जावं. हाताचं कौतुक ऐकून मंजुळाबाई मान डोलवी, पण बी खरं कोण राखतं हे ती मनात ओळखून होती. तोंडानं मात्र तिनं ते कधी कबूल केलं नव्हतं.

राखणारी होती एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजर. तिचं नाव जमादारीण. निजामाचा जमादार गावात आला की बिनबोलावता घराघरात डोकावे, तशीच ही. फरक एवढाच, की ही काही घेऊन जात नसे, आणून टाकी. रोज सकाळी उंबऱ्यावर अर्धा खाल्लेला उंदीर ठरलेला. एकदा घूस आणली. एकदा तर जिवंत सरडा मंजुळाबाईच्या पांघरुणावर सोडला.

"मुडद्ये, मला काहून दाखवून राहिली? मी काय पंचनामा करू?" असं ओरडत मंजुळाबाई चिमट्यानं ते धूड उकिरड्यावर भिरकावी. शिव्या संपल्या की करवंटीत दूध ओती. विधवा बाईचं घर, बोलायला दुसरं होतं कोण!

अडतीस सालच्या पौषात तिची एकुलती लेक पार्वती बाळंतपणाला आली. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. हे तिसरं दिवस भरायच्या आधीच जन्मलं, मुठीएवढं. सुईण बजावून गेली, "याला वारं लागू देऊ नका, न्हाईतर माझ्या नावानं रडू नका." मंजुळाबाईनं खोलीच्या भेगा चिंध्यांनी बुजवल्या, शेगडी अखंड पेटती ठेवली. लेकरू दूध ओढू लागलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

त्याच दिवसांत दूरच्या कुठल्याशा गावी गाठीचा ताप आल्याची बातमी आली. प्लेगची रीत सगळ्यांना पाठ होती. उंदीर आपोआप मरून पडला की गाव सोडायचं नि माळावर खोपटी घालून राहायचं. मागं राहील त्याला गाव वाळीत टाकणार.

सहाव्या दिवशी सकाळी शेजारची शालूबाई लेकराला न्हाऊ घालायला आली. बाळंतिणीच्या दारासमोर पाच उंदीर ओळीनं पडले होते. आख्खे. शालूबाईच्या हातची तेलाची वाटी खाली पडली. "अगं माय माय! उंदरं पडली वो!" ती ओरडतच पळाली.

दुपारपर्यंत गाड्या भरल्या. तातेराव पाटील मंजुळाबाईच्या अंगणात आले, पण दहा हात लांब उभे राहूनच त्यांनी तिला लेक-लेकरासकट माळावर निघायला सांगितलं.

"पाटील, माझ्या मांजरीनं मारले ते. मानगुटी बघा, दात लागलेत," मंजुळाबाई म्हणाली.

"बघायला जवळ कोण जाईल?"

पाटलामागून शालूबाईनं तोंड काढलं. "काकू, तुमची मांजर रोज अर्धा खाती. मी सोता बघितलंय. आज आख्खे काहून?"

मंजुळाबाई वाकून ते पाच उंदीर पुन्हा न्याहाळू लागली.

"मंजुळामाय, मला काय हौस हाय का?" पाटील खालच्या आवाजात म्हणाले. "पण एका घरापायी गाव कसं बुडवू?"

मंजुळाबाईला माळावरचा वारा दिसू लागला. कुडाच्या फटीतून येणारा, बोचरा. त्या वाऱ्यात ते मुठीएवढं लेकरू एक रात्रसुद्धा काढणार नव्हतं. पण तिचं डोकं जागेवर होतं.

"एक रात्र द्या," ती म्हणाली. "मांजर मी डालग्याखाली कोंडते. तुमच्या बियाची कणगी उघडी टाकते. रोग असंल तर उंदरं मांजरीबिगर बी मरून पडतील. जिती असतील तर कणगी सांगंल."

"माझीच कणगी?"

"गावात सगळ्यात चांगलं बी तुमचंच हाय, पाटील. उंदराला बी कळतं."

पाटलाला हसावं की रडावं कळेना. पण ते कबूल झाले. भरल्या गाड्या तशाच उभ्या राहिल्या. जमादारीण रात्रभर डालग्याखाली गळा काढत होती.

उजाडलं तेव्हा घरात एकही उंदीर मरून पडलेला नव्हता. पाटील नाकाला उपरणं लावून कणगीत वाकले. निम्मं बी फस्त, टरफलांचा नि लेंड्यांचा सडा. उरलेल्या बियात बसलेला एक लठ्ठ उंदीर टुणकन उडून त्यांच्या पायावरून पळाला. पाटील हातभर उडाले आणि मग ओरडले, "जिता हाय रे! जिता हाय!" आपल्या बियाचा एवढा नाश पाहून इतका आनंदलेला माणूस त्या मुलखात दुसरा झाला नसेल. भरलेल्या गाड्या रिकाम्या झाल्या. गाठीचा ताप त्या वाडीला शिवलाच नाही.

मंजुळाबाईनं डालगं उचललं. जमादारणीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरून जी गेली ती दिवसभर फिरकली नाही. करवंटीतल्या दुधावर साय धरली. ज्या जिवानं वर्षानुवर्षं गावाचं बी राखलं त्यालाच आपण कोंडलं, हे मंजुळाबाईला घास गिळू देईना.

दिवेलागणीला जमादारीण आली. तोंडात उंदीर, आख्खा. मंजुळाबाईला ओलांडून, दुधाला ओलांडून ती सरळ पार्वतीच्या बाजेपाशी गेली. उंदीर खाली ठेवला नि बाजूला बसून पाहत राहिली.

श्रावणात जमादारणीला पिल्लं झाली होती. त्यांच्यापुढं ती असेच आख्खे उंदीर आणून टाकी, स्वतः एक घास न खाता. मंजुळाबाईला ते आत्ता आठवलं.

"माय," पार्वती हळूच म्हणाली, "मी बाजेवरून उठत न्हाई ना. हिला वाटून राहिलं, मला कोण आणून देईल?"

मंजुळाबाईचे डोळे भरून आले. आजवर घातलेल्या सगळ्या शिव्या एकदम आठवल्या. ती जमादारणीपुढं बसली. "बाई, माझ्या लेकीला सगळ्यात आधी बाळंतविडा आणला तो तू. अन् मी तुला कोंडलं. लई उपकार हायेत तुझे, लई."

बाळंतविडा आणणारीला रिकामं पाठवत नाहीत. मंजुळाबाईनं तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि पार्वतीच्या वाट्याच्या दुधात तुपाची धार सोडून वाटी पुढं ठेवली. जमादारणीनं थोडा वेळ ताठा धरला आणि मग ती पिऊ लागली.

ती पीत होती तेवढ्यात मंजुळाबाईनं उंदीर उचलला. चिमटा न घेता, हातानं. पदराआड लपवून तिनं तो परसात नेला आणि खड्डा करून पुरला. देणारीच्या डोळ्यांदेखत आहेर कुणी टाकून देत नाही.