अर्धा संसार वावरात

माघातल्या एका सकाळी मी अकोल्याला लेकीच्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा आमच्या वस्तीवरचा किसन दारात येऊन उभा राहिला. किसन माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, म्हणजे तोही आता म्हाताराच. त्यानं जन्मात आगगाडीत पाय ठेवला नव्हता. तो आगगाडीनं आला, एवढ्यावरूनच मला समजायला हवं होतं. मी विचारलं, "काहून आला रे?" तो म्हणाला, "वयनी गेली," आणि तिथंच पायरीवर बसला. आदल्या दुपारी जेवून आंब्याखाली जरा आडवी झाली होती, ती उठलीच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. लेक आत भाकरी थापत होती. तिला हे सांगायला मी उठलो, तर मांडीवरच्या शेंगा सगळ्या ओसरीभर सांडल्या... त्या गोळा कराव्यात की आत जावं, हे मला काही वेळ कळेना.

आम्ही तिघं त्याच दिवशी बडनेऱ्याला उतरलो आणि गाडी जुंपून वावरात पोचलो. दिवस मावळायच्या आत तिला नेलं.

याला आता दीड महिना झाला. तिचं नाव गिरजा. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी ते उखाण्याखेरीज घेतलेलं नाही. लिहितानाही हात अडखळतो, पण नाव टाळून ती सांगता येणार नाही.

गिरजा अकोल्याची, मोर्णेच्या काठच्या मळ्यातली. तिचा बाप वांगी, मिरच्या, मेथी लावायचा आणि घरही मळ्यातच होतं, त्यामुळे दार उघडलं की पाय वाफ्यात. आम्हीही माळीच, पण आमच्या घरात आजोबांनंतर कोणी मळा केला नव्हता. मी मोडी शिकलो आणि अमरावतीच्या कापूसबाजारात मापारी झालो, म्हणजे काट्याशी उभा राहून वजन पुकारणारा माणूस. ते दिवस कापसाचे होते. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपलीय म्हणून विलायतेला आपला कापूस हवा, एवढंच आम्हाला ऐकून माहीत. डोळ्यांना दिसायचं ते असं, की पहाटेपासून बाजाराबाहेर गाड्यांची रांग लागे, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या असत, आणि काल पायी फिरणारा माणूस आज घोड्यावरून येई. लोकांनी गुरांची चराई नांगरून तिथं सरकी टोबली. मी चोवीस वर्षांचा होतो. हे असंच चालणार, यात मला शंका नव्हती.

मी अमरावतीत खोली घेतली आणि गिरजाला आणलं. आमची सोनी तेव्हा दोन वर्षांची होती. खोली कापसाच्या गोदामाला लागून होती, तिथं भाकरीवर, पाण्यावर, पोरीच्या केसांत सगळीकडे तंतू. गिरजा कुरकुर करणारी नव्हती. फुटक्या मडक्यांत तिनं मेथी लावली आणि आजूबाजूच्या बायकांना वाटली. आठ महिन्यांनी एका सकाळी, मी बाजारात निघालो असताना, तिनं विचारलं, "अजी, तुमच्या वाट्याले ते उजाड गावाचं वावर आलं ना? त्याचं काय करून राहिले तुमी?"

भातकुलीच्या बाजूला आमच्या गावापासून दीड कोसावर एक ओसाड गावठाण होतं. कधीतरी दुष्काळात लोक उठून गेले ते परतलेच नाहीत. चिंचेची चार झाडं, गाळानं भरलेली एक विहीर आणि भोवती काळी जमीन. भावाशी वाटणी झाली तेव्हा कुणालाच नको म्हणून तो तुकडा माझ्याकडे आला होता.

"काही नाही. पडलंय," मी म्हणालो.

"मले तिथं राहाचं हाय."

मी हसलो. "तिथं कोल्हे राहतात वं."

"लोकं पांढरीत राह्यतात अन् काळीत पिकवतात," ती म्हणाली. "मले पांढरी अन् काळी एकाच जागी पायजे. जसं माह्या बापाचं हाय तसं."

हे बोलणं पुढं महिनाभर चाललं. शेवटी मी एका अटीवर कबूल झालो, की सगळ्या वावरात कापूस लावायचा, एक तास, म्हणजे एक ओळही, दुसऱ्या पिकाची नको. ती म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चे दोन अर्थ असत. 'कबूल' हा एक आणि 'ऐकलं' हा दुसरा. त्या वेळी मला पहिलाच माहीत होता.

उन्हाळ्यात चिंचेखाली खोपट उभं केलं. गिरजा, सोनी आणि सोबतीला माझी आई तिथं राहायला गेल्या. मला, ज्याच्या काट्यावर मी होतो त्या व्यापाऱ्यानं, पावसाळाभर धामणगावाकडं गोदामाच्या बांधकामावर ठेवलं. मी वावरात गेलो तो एकदम दसऱ्याला. लांबूनच पाहिलं, अर्ध्या वावरात कापूस होता आणि अर्ध्यात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. मधून तुरीचे तास. खोपटाच्या मागं वांगी, गवार, दोडक्याचा वेल.

"हे काय वं? ज्वारी काहून?"

"जेवाले."

"ज्वारी बाजारात भेटते."

"आज भेटते," ती म्हणाली, आणि माझ्या पायांवर पाणी घालायला तांब्या उचलला.

मी तो तांब्या घेतला नाही. त्या साली कापसाशिवाय काही पेरणारा माणूस म्हणजे वेडा, आणि ती वेडी माझी बायको... हे बाजारात कळलं तर लोक काय म्हणतील, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. आईसमोर मी तिला म्हणालो, "तुले नवरा नाही, वावर पायजे. राहा मंग वावरासंगं." न जेवता निघालो. चार महिने गेलो नाही. मीठ, कापड, जे लागे ते कुणाच्या तरी हाती पाठवत होतो, आणि त्याला मी माझं कर्तव्य समजत होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पौष संपता संपता, ऐन बाजाराच्या भरात, दुपारी मी काट्याशी उभा होतो. पारड्यात कापूस, चहूकडे शे-दोनशे पुरुष. बाया त्या बाजूला फिरकत नसत. गर्दी एकदम बाजूला झाली आणि समोर गिरजा. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, पाठीशी पासोडीत बांधलेली सोनी. पाच कोस चालत आली होती. माझ्या आईला भावजयीच्या बाळंतपणासाठी भावाकडे जावं लागलं होतं आणि मागं ही एकटी होती, हे मला नंतर कळलं. तिनं गाठ सोडली आणि पोरगी माझ्या हातांत दिली. अंग तापलेल्या तव्यासारखं होतं, श्वास घेताना छाती खोल जात होती.

"हिले धरा," गिरजा म्हणाली. "भांडण मंग करू."

किसन तेव्हा माझ्या काट्यावर तरणा हमाल होता. त्यानं पारडं तसंच सोडलं आणि आमच्या पुढं पळत हकिमाचं घर दाखवलं. पुढचे वीस-बावीस दिवस सोनी आमच्या त्या गोदामाशेजारच्या खोलीत होती. फुटक्या मडक्यांत मेथी लावणारी बाई त्या दिवसांत एका शब्दानं वावराबद्दल बोलली नाही. कापूस वेचणीला आलेला होता, ज्वारी कापायची होती. मीही विचारलं नाही. दोघं आळीपाळीनं पोरीला मांडीवर घेऊन बसत होतो.

सोनी उठून बसली, मऊ भात मागू लागली. तेव्हा मी म्हणालो, "आता काय करतं?" ती म्हणेल, इथंच राहते, अशी माझी खात्री होती. ती बराच वेळ पोरीचे केस विंचरत राहिली.

"मले एक समजलं," ती म्हणाली. "एकल्या माणसाचं काम नाई थे. पोरगी तापली अन् हाक माराले कोणी नव्हतं. माही चुकी झाली."

"मग?"

"मंग काय? जागा नाई सोडाची मले. तुमी बाजारात शंभर माणसं ओळखता. त्यातलं एक घर आना तिथं."

"आणि मी?"

"तुमी शनिवारी येजा. पन दर शनिवारी. चार चार महिने नाई."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. पाच कोस चालत बाजारात आलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती... मी दुसऱ्या दिवशी किसनला विचारलं. तो आणि त्याची बायको राधा बाळापूरकडचे, जमीन नाही, गावात कुणी नाही. राधा तर ऐकता क्षणी गाठोडं बांधायला लागली. त्या उन्हाळ्यात दोन खोपटांच्या चार माणसांनी विहिरीतला गाळ उपसला. मी शनिवारी जाऊन रविवारभर टोपल्या ओढायचो. पुरुषभर गाळ निघाल्यावर एका बाजूनं पाणी पाझरलं. गिरजानं ते ओंजळीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "गोड हाय. आता भेंडी होते."

पुढं लढाई सरली आणि कापसाचा भाव असा पडला, की गाड्या बाजाराच्या दारातून परत फिरल्या. माझ्या व्यापाऱ्यानं गादी उचलली. काट्याशी उभं राहायला जागा राहिली नाही, तसा मी वावरात गेलो. सगळ्यांनी कापूसच पेरलेला असल्यामुळे त्या साली ज्वारी मिळेना. आमच्याकडे कणग्या भरलेल्या होत्या. गिरजा ताटात भाकरी वाढायची तेव्हा मी खाली मान घालून वाट पाहायचो, की आता म्हणेल, आता म्हणेल. ती म्हणाली नाही. राधा मात्र म्हणाली, तेही हसत, "पाटील, बाजारात भेटते ना ज्वारी?" गिरजानं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मी तिथं वर्षभर राहिलो. त्या वर्षात आमचा मोठा मुलगा झाला. मी शेतकरी मात्र झालो नाही. निंदताना गवताबरोबर चांगली रोपं काढली. बैल माझं ऐकत नसे. काम संपलं, की मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून बडनेऱ्याच्या वाटेनं जाणाऱ्या गाड्या मोजायचो. एक दिवस गिरजा शेजारी येऊन बसली.

"अजी, तुमी जा अमरावतीले."

"हाकलतं का?"

"नाई वो. तुमी इथं असे बसता जसं घरात मयत झालं. मले असा नवरा नाई पायजे. मले मापारी पायजे, शनिवारचा का होईना."

बाजार हळूहळू पुन्हा सुरू झाला होता. मी गेलो. आणि मग तीस वर्षं आमचा संसार असाच झाला, सहा दिवस बाजारात आणि एक दिवस वावरात. दोन खोपटांची पुढं सात घरं झाली. मुलगे शाळेच्या वयाचे झाले, की माझ्याकडे अमरावतीत यायचे. मी त्यांना कच्चीपक्की भाकरी घालायचो आणि सुट्टी लागली, की ते आईकडे पळायचे. नातेवाइकांत बोललं जायचं, की यांचं पटत नाही. मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण समजावून सांगायला गेलं, की अधिकच विचित्र वाटायचं.

हे सगळं गोड होतं, असं मी म्हणणार नाही. धाकटा चालायला लागला, तो दिवस मी पाहिला नाही. तिचा बाप अकोल्याला वारला, तेव्हा ती वाटेत एकटीच रडत गेली असेल. एकदा, म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, ती म्हणाली होती, "सा दिवस तुमच्यासंगं मनातल्या मनात बोलते. शनिवारी तुमी येता अन् अर्धं इसरून जाते." मी म्हणालो, "मग आता येऊ का कायमचा?" ती म्हणाली, "आता कायले? सवय झाली." तरी तीन वर्षांपूर्वी बाजारानं मला निरोप दिल्यावर मी आलोच. त्यानंतर आम्ही रोज भांडलो, बहुतेक पाण्याच्या पाळीवरून, आणि ती वर्षं आमच्या दोघांच्याही आवडीची होती. अकोल्याला मी गेलो तो फक्त आठ दिवसांसाठी.

दिवसकार्य झाल्यावर लेकीनं, सोनीनं, घराची मागची खोली उघडली. तिथं गिरजाचं बियाणं असे. भिंतीशी मडकी, तोंडं शेणानं लिंपलेली, आत राखेत घोळलेलं बी. प्रत्येकाच्या गळ्याला चिंधी आणि चिंधीला गाठी. मी मोडी वाचतो, बाळबोध वाचतो, चाळीस वर्षं मापं लिहिली, पण त्या खोलीत मला एक अक्षर लागेना. सोनी गाठी चाचपून सांगू लागली. "ही एक गाठ, वांगं. ह्या दोन, दोडका. ही लांब शेपटाची, गवार." सून शेजारी बसून लक्षात ठेवत होती. कोपऱ्यातल्या एका लहान मडक्याला तीन गाठी होत्या आणि वर लाल सुताचा वेढा. सोनीनं ते दोन-तीनदा फिरवून पाहिलं. राधाला बोलावलं, तिलाही येईना.

"फोडून पाहू का, बाबा?" सोनीनं विचारलं.

मी नको म्हणालो. मृगात ते बी टाकायला विहिरीजवळचा एक वाफा मोकळा ठेवायला सुनेला सांगितलं आहे. खोलीत ते मडकं मी माझ्या उशाशी आणून ठेवलं आहे. सकाळी उठलो, की पहिल्यांदा तेच दिसतं.