‘न्’ला त्याचा वेळ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांनी मला फसवलं. बहरीनमध्ये माझी पंचवीस वर्षं झाली, या मुदतीत अरब, मल्याळी, पठाण, सगळ्यांशी घासाघीस केली, पण मला फसवलं ते बुलढाण्याच्या एका सरळ माणसानं, आणि तेही नाकातून निघणाऱ्या एका आवाजापायी. त्या आवाजावर इतका जीव टाकणारा दुसरा माणूस या बेटावर नसेल. मी तरी पाहिला नाही, आणि आता पाहायची इच्छाही नाही.

सर म्हणजे कुठल्या शाळेचे सर नव्हेत. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात ते टेक्निशियन होते. तिथे एक जपानी इंजिनियर दोन हिवाळे कामाला आला होता. त्याच्याकडून सर जपानी शिकले. तो मायदेशी गेला, सरांचं जपानी इथेच राहिलं. बोलायला कोणी उरलं नाही म्हणून ते जिन्यात बोलत, गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलत. त्यातही वाक्यं थोडी आणि ‘न्’च फार. त्यांचं म्हणणं असं, की जपानी ‘न्’ आपल्या अनुस्वाराचा सख्खा भाऊ आहे. ‘आंबा’ म्हणताना ओठ मिटतात, ‘गंगा’ म्हणताना मिटत नाहीत, आणि टिंब मात्र एकच. तिकडेही तेच. शब्दाच्या शेवटी आला की तो पार घशाकडे, पडजिभेपाशी जाऊन बसतो. हे दाखवायला ते तोंड उघडून आमच्या बायकोला टॉर्च धरायला लावत. बायको म्हणायची, “सर, मला फक्त तुमची दाढ किडलेली दिसते.”

मी दापोलीकडचा. माझी जीभ दुकानात घासून तयार झालेली. मनाम्यात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान मी एका फळीवर सुरू केलं होतं. एका जपानी कंपनीला बेअरिंगसाठी इथे एजंट हवा होता आणि त्यांचा माणूस तीन महिन्यांनी येणार होता. ती एजन्सी मिळाली असती तर उरलेल्या आयुष्यात मला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. सरांकडे गेलो. ते म्हणाले, “शेठ, तुम्हा कोकणातल्या लोकांचं नाक जन्मतःच अर्धं जपानी. उरलेलं अर्धं मी करतो. त्या दिवशी शेजारी बसेन. काही अडलं तर मी आहे.” बदल्यात दर शुक्रवारी एक हमूर मासा, मी स्वतः बाजारातून निवडून आणलेला. सौदा ठरला.

तीन महिन्यांत सरांनी मला टाळ्या वाजवायला शिकवल्या. ‘कोन्निचिवा’ला पाच टाळ्या, त्यातली दुसरी पुरती ‘न्’ची. मी चारांत उरकायचो. “यल्ला सर, चला पुढे, नमस्कारच करायचाय ना?” ते मान हलवत. “घाई नको, शेठ. ‘न्’ला त्याचा वेळ द्या. तो अर्धं अक्षर नाही, पुरा एक ठोका आहे.” सर रोजच्या धड्याची तारीखवार टिपणं एका वहीत लिहीत; एकदा मी चिडून ती भिरकावली. ती खाली पार्किंगमध्ये पडली. सर चार मजले उतरून ती घेऊन आले, धूळ झटकली आणि म्हणाले, “परत. ‘निहोन’. तीन टाळ्या.” माझ्यावर न चिडलेला असा माणूस मला दुसरा भेटलेला नाही, आणि याचाही मला राग येतो.

जपानी माणूस आला. मी पाच ठोक्यांत नमस्कार केला. तो चमकला, हसला. पुढचं बोलणं इंग्रजीत. मी मागणी ठेवली: साऱ्या बेटाची एजन्सी मला एकट्याला, आणि न खपलेला माल कंपनीनं परत घ्यायचा. त्यानं डोळे खाली केले आणि नाकातून एक लांब ‘न्...’ काढला. मग गप्प. आमच्या धंद्यात समोरचा गप्प बसला की तो उठायच्या बेतात आहे असं समजतात. मी माल परतीची अट सोडली. पुन्हा ‘न्...’. मी ‘एकट्याला’ सोडलं. सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते. मांडीवर एक बोट हलकेच ठोका देत होतं. तिसऱ्या ‘न्’ला माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून म्हणालो, “यस ऑर नो?” त्यानं डायरी मिटली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला. एजन्सी दुसऱ्याला मिळाली.

लिफ्टमध्ये सर म्हणाले, “शेठ, तुमचा ‘न्’ आज अगदी जागेवर पडला.”

“आणि त्याचा?”

“त्याचा काय सांगू. तो विचार करत होता. थांबायचं असतं. पहिला तर ‘हो’कडे झुकलेला होता.”

“मग तिथेच का नाही सांगितलंत?”

सर लिफ्टच्या आकड्यांकडे पाहत राहिले.

बायको आजही शुक्रवारी मासा तळताना म्हणते, “हमूर सरांना, एजन्सी परक्याला, आणि माझ्या नवऱ्याला टाळ्या.” सर मात्र निवृत्त होऊन गावी गेले. मुहर्रकला विमानतळावर सोडायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार होतं? जाताना त्यांनी ती वही मला दिली. मी लगेच त्या दिवसाचं पान काढलं. त्यावर एकच ओळ होती: ‘अठरा वर्षांनी जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला.’

पान वाचून माझा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा मी जपून ठेवलाय, कारण ती एजन्सी माझी होती आणि शेजारी बसण्याचा शब्द त्यांचा होता. दर शुक्रवारी मी फोन करतो. ते विचारतात, “सराव चालू आहे ना?” मी म्हणतो, “सर, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?” पलीकडून लांब, घशाच्या तळातून, शुद्ध ‘न्...’ येतो.

पूर्वीचा मी असतो तर इथे काहीतरी सोडून दिलं असतं. आता सोडत नाही. फोन कानाला लावून गप्प बसतो. सर, हवा तितका वेळ घ्या. पण उत्तर तुम्हालाच द्यायचंय.